बंदी घातलेल्या कादंबरीपुढे उदबत्ती

४ फेब्रुवारी, मंगळवार

आली! श्रीमती सुआद यांच्या अरबी कादंबरीची मूळ प्रत, खुद्द लेखिकेच्या स्वाक्षरीसह, हिंगोलीच्या आमच्या वाचनालयात अवतीर्ण झाली. त्यांच्या देशातील धर्ममंडळाने ईशनिंदेचा ठपका ठेवून तीवर बंदी घातली आहे. सोबत चिठ्ठी — 'परदेशी प्रकाशकांनीही भिऊन काही ना काही कापलेच. मराठी तरी अखंड निघू द्या.'

वचन दिले! बावन्न वर्षांचा यःकश्चित ग्रंथपाल एकाएकी विश्ववाङ्मयाचा संरक्षक! (मराठी अनुवाद आम्ही आधीच त्यांच्या इंग्रजी मसुद्यावरून केला, अरबी अक्षराशी संरक्षकाचा परिचय शून्य.)

आमच्या सौ. संध्येला हे सगळे साभिनय सांगितले. म्हणाली, "संरक्षक, दूध उतू चाललंय."

५ फेब्रुवारी

अद्भुतम्! सकाळी पाहतो तो ग्रंथ कपाटाच्या माथ्यावर, हिरव्या वस्त्रात, पुढे उदबत्ती! झाडलोट करणाऱ्या केशरबाई चपला काढून उभ्या.

"दर्ग्यावर अशीच अक्षरं हायती, सायेब. खुर्चीवर काहून ठेवलं? पाप लागंल!"

तिकडे जप्ती, इकडे पूजा! एवढा हसलो की चष्मा पडला. वस्त्र काढण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

७ फेब्रुवारी

अनुवादाच्या रविवारच्या जाहीर वाचनासाठी अध्यक्ष माणिकरावांची अनुमती घेतली. कथासार निवेदिले — मुलगा गेलेली विधवा ईश्वराशी भांडते.

"आपल्या देवाला काई बोलती का?"

"नाही."

"मंग होऊ द्या की!"

विश्वातील सर्वांत संक्षिप्त अभ्यवेक्षण, अर्थात सेन्सॉरशिप!

९ फेब्रुवारी, रविवार

चाळीस श्रोते! खुर्च्या अपुऱ्या! विधवेचा सवाल — 'माझंच लेकरू का नेलंस?' — आमच्या मुखातून निघाला. नंतर टाळ्या, चहा, हार. माणिकरावांनी डोळे पुसले. म्हणाले, धूळ गेली. आम्ही दोन बोटे जमिनीच्या वर तरंगत होतो.

दाराशी उभ्या केशरबाई तेवढ्या हलल्या नाहीत.

"बराबर बोलली बाई. माझं पोरगं गेलं तवा मी बी हेच इचारलं व्हतं." मग एक पाऊल आत येऊन, "मंग देव काय म्हनला?"

"कथा तिथेच संपते," म्हणालो.

१० फेब्रुवारी

संपत नाही. पुढे एक पान आहे. त्यात देव उत्तर देतो. ते मी अनुवादातून गाळले. कुणीही सांगितले नव्हते.