बदली पायलटांची फेरी

आबा,

तुम्ही तवा मला एक मुस्काटात मारायला पायजे होती. शेतकऱ्यांच्या दूधबंदीत राहू गावच्या डेअरीला तुम्ही मागल्या दारानं दूध घातलं, म्हणून मी चार माणसांत तुम्हाला भेकड म्हणलो. तुम्ही नुसती किटली धुवत बसलात. मी तसाच दिल्लीला निघून आलो.

हितं मी विमान कंपनीच्या पायलट लोकांना ने-आण करायची गाडी चालवतो. त्यांच्या कराराची बोलणी दोन वर्षं लांबली, शेवटी परवा त्यांनी काम बंद केलं. कंपनीनं आणलेले बदली पायलट न्यायचे न्हाईत, असं आम्ही ड्रायव्हरांनी ठरवलं. पहिला हात माझाच वर होता. काल साहेब म्हणला, "गाडी काढ, न्हाईतर चावी ठेव." मी गाडी काढली.

विमानतळाच्या गेटवर संपवाल्यांत माझे रोजचे कॅप्टन माथुर उभे होते. वाटलं, शिव्या देतील. ते काचेशी वाकून म्हणले, "हनुमंत, धीरे चलाना, कोहरा है."

तुम्ही तवा गप का बसला, ते आता इचारणार न्हाई. हे लिहिलेलं धाडायची हिंमत न्हाई. त्या फेरीचे डबल पैसे मिळाले, तेवढे धाडतो. दोन हजार रुपये.

तुमचा लेक,
हनुमंत