न मरणाऱ्या राजाचा अंगरखा

तीर्थरूप आत्या हिच्या चरणी (डाव्या गुडघ्याला धक्का न लावता) साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण तसं काही नाही. मी इथे खुशाल आहे. खोकला गेला, पण गेला असं लिहिलं की परत येईल अशी भीती वाटते, म्हणून बराच कमी आहे असं समज. तुझा गुडघा कसा आहे? काका अजून चष्मा घालूनच चष्मा शोधतात का? (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.)

आमच्या मास्तरांना (म्हणजे दुकानाच्या मालकांना, शाळेच्या मास्तरांशी माझा संबंध अर्ध्यातच सुटला हे तुला ठाऊक आहे) एका नाटक मंडळाचं काम मिळालं. एका जाडजूड कादंबरीवरून केलेलं अद्भुत नाटक. दिग्दर्शकांनी कादंबरीच आणून दिली आणि कपडे बेतण्याआधी ती वाचा म्हणाले. मास्तरांनी पुस्तक हातात तोलून पाहिलं, कापडावर वजन ठेवायला बरं आहे असा अभिप्राय दिला आणि माझ्याकडे सरकवलं. मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागलो. मी स्वल्पविरामालाही थांबतो, त्यामुळे वेळ लागला, पण कुणाची तक्रार नव्हती. म्हणजे एकीची होती, ते पुढे येईलच.

गोष्ट अशी. समुद्रापलीकडे एक बेट असतं. तिथे पान गळत नाही, केस पिकत नाहीत, कुणी मरत नाही. अलीकडच्या किनाऱ्यावर तुमच्याआमच्यासारखी माणसं. त्यांतला एक नावाडी त्या बेटाच्या ओढीने आयुष्यभर नाव डागडुजी करून तयार ठेवतो आणि धुकं कधी हटतंय ते बघत उभा राहतो. आत्या, मला ते बेट फार पटलं. तिथे घाई म्हणून नाही. शिवण मनासारखी आली नाही तर उसवावी, पुन्हा घालावी. गिऱ्हाईक थांबेल, कारण तेही कुठे मरतंय! मास्तरांचं मत मात्र वेगळं पडलं. तिथे पोरं वाढणार नाहीत, कपडे विटणार नाहीत, म्हणजे शिंपी उपाशी राहणार आणि वर त्याला मरताही येणार नाही, म्हणजे काय हाल बघा, असं म्हणून ते हात धुवायला गेले.

तक्रार होती ती काजं-बटणं करणाऱ्या मुलीची. (सगळे तिला काजवाली म्हणतात. मी म्हणत नाही. मी काहीच म्हणत नाही, म्हणून हाक मारायची झाली की खोकतो. वर लिहिलेल्या खोकल्यातला बराचसा हाच.) तिने विचारलं, "ह्या नावाड्याला घरी कुणी नाही का?" मी म्हणालो, लेखकाने तसं लिहिलेलं नाही, अविवाहित असावा. ती म्हणाली, "का? वेळ मिळाला नाही?" यावर सगळे हसले. मीही हसलो, पण पान उलटायचं विसरलो आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचला. तिच्या घरी रविवारी काही मंडळी मुलाला घेऊन तिला बघायला येणार आहेत, असं मास्तरांकडून कळलं. हे आपलं तुला कळवून ठेवलं. पत्राच्या विषयाशी याचा संबंध नाही.

विषय अंगरख्याचा आहे. बेटाच्या राजाचं काम एक बेकरीवाले करतात. त्यांचा अंगरखा माझ्याकडे आला. आता कुठलाही शिंपी शिवणीच्या आत चार बोटं जास्त कापड सोडतो, पुढेमागे माणूस सुटला तर उसवून मोठं करता यावं म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो. मी रीतसर विचार केला. हा राजा हजारो वर्षं जसाच्या तसा आहे असं पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. मग माया कशाला? मी शिवणीपाशी कापड अगदी बेताने कापलं. आतून बाहेरून इतकं सफाईदार काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. माप घेतलं तेव्हा राजा ठीक होता. पण तालमी लांबल्या, आणि रोज तालमीला बेकरीवाले स्वतःच्या भट्टीतली बिस्किटं आणायचे व उरतील ती वाया जाऊ नयेत म्हणून स्वतः संपवायचे. हे मला कुणी कळवलं नाही.

पहिल्या प्रयोगाला ती काजं करणारी आणि मी, आम्ही दोघं पडद्यामागे सुईदोरा घेऊन उभे होतो. (मास्तरांनीच नेमलं, मी मागणी केली नव्हती.) राजाने दोन्ही हात वर केले आणि "युगं लोटली, पण माझ्यात तसूभर फरक पडला नाही" असं म्हटलं. त्या क्षणी अंगरखा काखेपासून कमरेपर्यंत फाटला. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असावा. लोकांना वाटलं, राजाचं अमरपण तडकलं. टाळ्या पडल्या. दिग्दर्शकांनी नंतर मास्तरांचा हात हातात घेतला आणि हे दर प्रयोगाला जमेल का असं विचारलं.

पण त्याआधी राजाला दोन प्रवेशांच्या मधे शिवायचं होतं. डावी बाजू तिच्याकडे, उजवी माझ्याकडे, मधे राजा. "जपून हो! अमर मी स्टेजवर आहे, इथे टोचतंय!" असं ते ओरडत होते. त्यांच्या पोटापलीकडून तिने विचारलं, रविवारचं कळलं ना? मी हो म्हणालो. ती म्हणाली, मग? मी म्हणालो, बघू. तिने दोरा दाताने तोडला. "बघा, बघा. तुम्हाला काय, वेळच वेळ. तुम्ही आधीच त्या बेटावर राहायला गेलाय. आम्ही अलीकडची माणसं. आम्हाला रविवार असतो."

यावर मी काय म्हणालो ते सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, टाके जरा जवळजवळ घाला. बेकरीवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांच्या जागी मरावंसं वाटलं. घरी येऊन पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा वाचलं. नावाडी तिथेच उभा आहे, नाव उत्तम स्थितीत आहे. पहिल्यांदा वाचताना ते फार भव्य वाटलं होतं.

असो. काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. गुडघा परवानगी देत असेल तर शनिवारच्या आत इकडे ये आणि तिच्या आईशी बोल. "घाई नाही" असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं आहे. घाई आहे.

ता. क. आई मुलाबद्दल विचारतील. सावकाश आहे असं सांगू नकोस. नीटनेटका आहे असं सांग.

ता. क. आत्या, नमस्कार. अक्षर बदललंय, कारण ही मी, काजवाली. तुमच्या भाच्याचं हे पत्र मशिनच्या खणात पडून आहे. रोज काढतात, एखादी वेलांटी तपासतात आणि परत ठेवतात. आज शनिवार उजाडला. तुम्ही येणार तरी कशा? म्हणून मीच आईला सांगून टाकलं. आई आधी रागावली, मग हसली, आणि त्या मंडळींना येऊ नका असा निरोप गेला. पण घर झाडून झालंय, शेजारून खुर्च्याही आणून ठेवल्यात. तेव्हा रविवारी कुणीतरी यायलाच हवं, असं आईचं म्हणणं. हे येतील. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी कळलं तर सदऱ्याला इस्त्री करण्यातच रविवार संपेल.