आत कोंडलेलं पाणी

रत्नागिरी,
रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

प्रिय बाबूदादा,

आत्ताच आरे-वाऱ्याहून आले. पायांची वाळूसुद्धा धुतली नाही आणि लिहायला बसले, म्हणून अक्षर वेडंवाकडं येतंय. तुझी ती रिमोटवाली गाडी आज पाण्यातून गेली, दादा! आपण लहानपणी उडी मारून ओलांडायचो तो पऱ्या आठवतो ना, त्याच्या मधोमध ती अख्खी बुडाली. वर नुसती एरियलची तार थरथरत होती. आणि पलीकडच्या काठावर ती चाकांनी पाणी उडवत वर आली. एकदा चुकून जमलं असेल म्हणून पुन्हा नेली, मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा आली.

आता तू विचारशील की गाडी पाण्यात नेलीच कशाला. शिमग्याला तू ती जपानहून आणलीस आणि बोटीवर परत जाताना माझ्या स्वाधीन केलीस, तेव्हा एकच बजावलं होतंस, वाळू आणि पाणी यांच्याजवळ नेऊ नको. जुलैच्या पत्रात मी लिहिलं होतं की गाडी कपाटात आहे आणि उत्तम आहे. कपाटात होती हे खरं. उत्तम नव्हती. मे महिन्यात मैत्रिणीला, हौसाला, दाखवायची म्हणून मी ती मांडवीच्या ओल्या वाळूवर पळवली आणि एक लाट तिच्या अंगावरून गेली. घरी येऊन आधी विहिरीच्या पाण्याने धुतली, आबा दुरुस्तीच्या दुकानात नाटे बंदरातल्या खलाशांचे खारे झालेले ट्रान्झिस्टर धुतात तशी. सुकल्यावर चालली, पण पुढची चाकं आपोआप डावीकडे वळायची. उघडून पाहिलं तर तारांच्या जोडांवर हिरवा गंज. कुठली तार कुठे ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं, स्क्रू वाटीत मोजून ठेवले, स्पिरिटने जोड पुसले आणि कथिलाचे नव्याने डाग दिले. आबा माजघरात तुला शिकवायचे आणि मी शेजारी बसून तारा सोलायचे, तेवढंच माझं शिक्षण. पण हात विसरला नव्हता.

मग मी ठरवलं, हिला पुन्हा पाणी लागूच द्यायचं नाही. सर्किटवर हौसाचं नेलपॉलिश फासलं. रेडिओचा संदेश घेणारी ती डबी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात घातली, दोन्ही तोंडं दोऱ्याने आवळली आणि वर मेणबत्तीचं मेण ओतलं. हे सगळं ऐन श्रावणात, आबा दुकानात असताना. इतकं घट्ट बांधलं की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. पंधरा दिवसांत गाडी मुकी झाली. पाण्याचा थेंबही तिला लागला नव्हता, तरी. गणपती गेले, दसरा झाला, तरी मला उघडायचा धीर होईना. दिवाळीच्या आदल्या रविवारी ट्यूब कापली तर आत दव साचलेलं. मी तशीच रडत बसले होते आणि मागे आबा उभे होते.

तुला माहीतच आहे, तू दुकान सोडून बोटीवर गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. शिमग्याला ही गाडी ओटीवर होती तर तिला वळसा घालून गेले. मला वाटलं, आता मागल्या परड्यात भिरकावतील. पण त्यांनी चष्मा लावला, ट्यूब उजेडात धरली आणि म्हणाले, "मथू, तू पाणी भायेर नाय ठेवलंस गो. आत कोंडलंस."

पावसाळी हवाच मी आत बांधून ठेवली होती. आबांनी साठ वॅटचा बल्ब लावलेली, रेडिओ सुकवायची ती जुनी पेटी काढली, डबी दिवसभर उबेत ठेवली आणि गरम असतानाच नव्या ट्यूबमध्ये बंद केली. तोंडाला ग्रीस भरलं. बाहेर येणाऱ्या तारेला खाली बाक दिला, म्हणजे थेंब आत न शिरता तिथूनच गळून पडेल. एक स्क्रू लाटेत गेला होता, तिथे त्यांच्या डब्यातला बसवला. आणि आज पऱ्याच्या काठाशी रिमोट माझ्या हातात नव्हता, दादा. तिन्ही वेळा गाडी आबांनी नेली. पहिल्यांदा ती बुडाली तेव्हा मी डोळे मिटले होते, त्यांनी नाही.

खोटं लिहिलं त्याची माफी मागायची होती, ती मागते. पण पत्र त्यासाठी नाही. त्या दुरुस्तीत तार जोडताना मान वर न करता आबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "बाबू, पकड दे." मी दिली. मग त्यांच्या लक्षात आलं. बराच वेळ नुसती तार पुसत राहिले आणि शेवटी म्हणाले, हे त्याला लिहू नको. मी मान हलवली. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. वडिलांना दिलेला शब्द मोडते आहे, पण कोंडून ठेवलं की काय होतं ते मी ट्यूब कापून पाहिलंय. शिमग्यापर्यंत पऱ्या आटतो, दादा. जमलं तर त्याच्या आधी ये.

तुझीच,
मथू