अकरा चाळीसची नोंद

खैरमाळ, ता. राळेगाव
१० फेब्रुवारी २०२५

धर्मपालभाऊंना दीपमालाचा जयभीम.

तुमचा उमरखेडचा पत्ता तुमच्या चुलतभावाकडून, विक्कीकडून घेतला. माझा फोन तुम्ही उचलत नाही. उचलला असता तरी हे तोंडानं बोलणं मला जमलं नसतं. कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं म्हणे. जेवण स्वतःच करता का?

खुशी बरी आहे. तुमच्या सासूबाई, हंसाबाई, नातीला रोज अंगणवाडीत आणून सोडतात. मागच्या आठवड्यात मी वजन घेतलं, साडेतेरा किलो भरलं. आता दोन वेण्या घालते. तुमची आठवण काढते का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. हंसाबाई बाजूलाच उभ्या होत्या.

आमच्याकडे कापसाची शेवटची वेचणी झाली. मी मात्र नोव्हेंबरपासून त्या वावरात पाय ठेवला नाही.

भाऊ, त्याच वावरात वेचताना तुमच्या सत्यशीलाला साप चावला, त्या दिवशी तुम्ही एक मिनिटही वाया घालवलं नाही. तुम्ही गाडी काढली, तिला मधात बसवलं, मागून मी धरलं. आरोग्य केंद्रात शिरलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. डॉक्टरची जागा पाच महिन्यांपासून रिकामी. सापाच्या विषावरचं इंजेक्शन फ्रिजमध्ये, फ्रिजच्या खोलीला कुलूप, आणि चाबीवाले यवतमाळला मीटिंगला. सिस्टर एकट्या होत्या. त्यांनी सलाइन लावलं आणि अॅम्ब्युलन्ससाठी फोनवर फोन करत राहिल्या. गाडी निघाली, गाडी निघाली, एवढंच उत्तर मिळत होतं.

सत्यशीलाच्या पापण्या जड झाल्या होत्या. जीभ वळत नव्हती तरी मला विचारायची, "ताई, चाबी आली का?" तिनं किती वेळा विचारलं ते मी मोजलं नाही. पण अजून ऐकू येतं. एखाद्या बाळंतिणीच्या घरी जाते, खाटेवर बसते, आणि ती बोलायच्या आत मला तेच ऐकू येतं.

तुम्ही कुलूप तोडायला दगड उचलला होता. तुमचा हात मी धरला. सरकारी माल आहे भाऊ, केस होईल, असं मीच म्हणाले. तुम्ही दगड खाली ठेवला. अॅम्ब्युलन्स एक वीसला आली. यवतमाळ यायच्या आधीच सत्यशीला गेली.

इथवरचं तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

चौथ्या दिवशी चौकशीला एक साहेब आले. त्यांनी रजिस्टरचं पान नव्यानं लिहायला लावलं. रुग्ण दाखल, दुपारी एक वीस. नातेवाइकांनी आणण्यास उशीर केला. मला म्हणाले, खरी वेळ लिहिली तर सिस्टरची नोकरी जाईल, तिचा काय दोष? आणि तू आशा सेविका, गाडीला वेळेवर फोन केला नाही, असंही तुझ्यावर निघू शकते. साक्षीदाराच्या जागी मी सही केली. रोजच्यासारखी, नीट वळणदार आली. तेच मला जास्त खातं.

सत्यशीलाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी हंसाबाई तुम्हाला म्हणाल्या, "तुनं माह्या पोरीले उशिरा नेलं, कागदावर लिहून हाये." तुम्ही माझ्याकडे वळलात. "दीपमालाताई, तुमी सांगा." मी खाली पाहिलं.  आठ दिवसांत तुम्ही गाव सोडलं, आणि पोरगी आजीकडे राहिली.

रजिस्टरात वेळ लिहायची आली की आता माझा पेन थांबतो. म्हणून मागच्या शुक्रवारी कोऱ्या कागदावर सगळं लिहिलं. अकरा चाळीस, कुलूप, चाबी, दगड, माझी सही. यवतमाळला जिल्हा आरोग्य कार्यालयात जाऊन तो अर्ज दिला, पोचेचा शिक्का घेतला. त्याची झेरॉक्स सोबत आहे. कारकून म्हणाला, बाई, कामावरून काढतील. मी म्हटलं, वाचा तरी.

परत आल्यावर आधी हंसाबाईंकडे गेले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. त्या तूर पाखडत होत्या. सूप तसंच मांडीवर राहिलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी मागे का माही पोरगी?"

मी म्हटलं, "मागे. धर्मपालभाऊ ओंजळीनं ओठ ओले करून देत."

मग त्या उठून आत गेल्या. मला बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी चप्पल घालत होते तेव्हा आतून आवाज आला, "त्याले सांग, पोरगी रविवारी घरीच रायते."

भाऊ, मला माफ करा असं लिहिणार होते. तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. माफी मागायचा हक्क त्या सहीबरोबर गेला. या पत्राला उत्तर देऊ नका. माझ्या दारावरून जाल तेव्हा बोललाही नाहीत तरी चालेल. पण रविवारची पहिली एसटी धरा. पोरगी वाट पाहते की नाही, ते तुम्ही येऊनच तिला विचारा.

दीपमाला,
अजून तरी या गावची आशा सेविका