चादर धरलेले हात

लाडके ओडेसा, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

त्या सकाळी मी चादरी पिळून देत होते आणि लेम्युएल त्या अंगणातल्या तारेवर टाकत होता. दुसऱ्याच कुणाला शोधत आलेल्या पोलिसाने माझ्या नवऱ्याला तिथेच गोळी घातली.

सोमवारी न्यायाधीशांनी त्या पोलिसावरचा आपला दावा फेटाळला. मी निकाल दोनदा वाचला. अगदी तशाच प्रसंगात आधी एखादा पोलीस दोषी ठरला असेल, तरच असा दावा चालतो म्हणे. मागच्या एका खटल्यात पोलीस दोषी ठरला होता, पण त्यातल्या माणसाचे वर केलेले हात रिकामे होते. लेम्युएलच्या हातांत ओली चादर होती. चादर धरलेल्या माणसावर गोळी झाडू नये, असं कुठल्याच कोर्टाने आधी सांगितलं नव्हतं. मग बिचाऱ्या पोलिसाला ते कळणार कसं!

मी वकीलबाईंना विचारलं, "उद्या कुणाच्या हातात टॉवेल असला तर?"

"तर टॉवेलचा खटला आधी झाला नव्हता म्हणतील, व्हर्नेलबाई. अपिलात जिंकलो, तर निदान चादर तरी कायद्याच्या पुस्तकात जाईल."

मी वेळेवर जेवते, झोपही लागते थोडी. तुझा गुडघा कसा आहे? कपडे घरातच वाळत घालतेस ना? तसंच कर.

मंगळवारी मी अपिलाच्या कागदांवर सही केली.

तुझीच,
व्हर्नेल