हात न लावता केलेली खूण

४ फेब्रुवारी

चि. धांदल्यास आजीचे आशीर्वाद, वि. वि.

तुझं माफीचं पत्र पोचलं. आत तारीख सोमवारची, पाकिटावर शिक्का शुक्रवारचा. म्हणजे माफीसुद्धा चार दिवस खिशात घालून फिरलास.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात नऊला बोलावलं होतं, तू एकला उगवलास. तोवर मी सही करून, डोळा कापून घेऊन, पट्टी बांधून बाकावर बसले होते. सोबत कोण आहे म्हणून नर्सनं तीनदा विचारलं, नातू येतोय म्हणून मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिनं विचारलंच नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला झोंबलं.

तू आळशी नाहीस. आळशी माणूस निवांत असतो, तू सदा धापा टाकत येतोस. तुझी आई म्हणते पोराला कामाचा ताण फार. मला तसं वाटत नाही. तुझा दिवस कुठेतरी गळतोय आणि तू बादली मोठी घ्यायला निघालायस.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला थापा मारणं सोपं जातं, म्हणून पत्रच बरं. एक वही घे. सोमवार ते शनिवार दर तासाला थांब आणि गेल्या तासात काय केलं ते एका ओळीत लिही. काय करायचं होतं ते नको, काय केलं ते. वही मला पाठव. मी चौथी पास आहे, पण वाचता येतं आणि आता डोळाही नवा आहे.

दूध प्यायला विसरू नकोस असं तुझी आई लिहायला सांगतेय. लिहिलं.

लोभ आहे, पण गृहीत धरू नकोस.
आजी


१५ फेब्रुवारी

ती. आजीस धांदल्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे वही सोबत पाठवतोय. सहाही दिवस भरलेत, एक तास सोडलेला नाही. वाचून तुलाच कळेल की मी दिवसभर एका जागी बसत नाही.

तुला माझं काम नीट ठाऊक नाही म्हणून सांगतो. शहरातल्या साठ लिफ्ट आमच्याकडे आहेत. महिन्यातून एकदा प्रत्येकीकडे जायचं, तेलपाणी करायचं आणि तपासणीचा कागद भरायचा. कागदावर बावीस बाबी असतात. प्रत्येक बाब बघायची, पुढे बरोबरची खूण करायची, खाली सही. मोठं बिघडलं तर मिस्त्री येतात. मिस्त्रींनीच मला हे काम शिकवलं. ते भोंग्याच्या आधी हजर असतात. परवा मी वेळेवर पोचलो तर त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद पडलं की काय म्हणून.

सगळं माझ्याच चुकीनं होतं असं नाही. कधी चावी मिळत नाही, कधी ऑफिसातून मध्येच दुसरीकडे पिटाळतात. तरी सुधारतोय.

डोळ्यात थेंब घालत जा. लोभ कमी करू नकोस.
तुझा धांदल्या


१८ फेब्रुवारी

चि. धांदल्यास आशीर्वाद, वि. वि.

वही वाचली. सोमवारची शाई काळी, बुधवारची करडी, शनिवारी तर नुसते ओरखडे. तुझी रिफिल एका बैठकीत संपत आली, लेका. आणि सहाही दिवस एक ते दीड जेवण? तू जन्मात सलग दोन दिवस एका वेळेला जेवला नाहीस.

मी इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं काढली. शाई ओली असताना पुसली की कशी पसरते, वाळल्यावर कशी बसते, हे मला शिकवू नकोस. सोमवारची ओली शाई मंगळवारच्या ओळींवर पसरलीय. ही वही तू शनिवारी संध्याकाळी भरलीस. सहा दिवसांचं एकदम. आणि ती खरीच वाटावी म्हणून मध्ये मध्ये खाडाखोडही केलीस. त्या कलाकुसरीला किती वेळ लागला ते मात्र वहीत नाही.

मला फसवलंस त्याचं मला काही नाही. म्हातारीला सगळेच फसवतात. पण हात इतका सराईत कसा झाला, हा प्रश्न मला पडला. पहिल्यांदा खोटं लिहिणाऱ्याचा हात अडखळतो. तुझा कुठेच अडखळला नाही. म्हणून विचारते, त्या बावीस खुणासुद्धा तू अशाच करतोस का? हात न लावता?

उत्तर एका ओळीत दे. हो किंवा नाही. बाकी पत्र कोरं राहिलं तरी चालेल.

आजी


२२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

हो.

सगळ्या नाही. मशीनच्या खोलीतलं काम मी मन लावून करतो. मोटर पुसून लख्ख करतो, तेल घालतो, लोक बघून खूश होतात. त्यात तास दीड तास कसा जातो कळत नाही. मग पुढच्या लिफ्टला उशीर झालेला असतो. उरलेल्या बाबी किरकोळ वाटतात, दर महिन्याला ठीकच निघतात. मग कागद गाडीत बसून भरतो. कधी शनिवारी सगळ्या आठवड्याचे एकदम. पाच मिनिटांत होईल म्हणून जे जे ठेवतो, ते पाच मिनिटांत कधीच होत नाही, हे मला वहीवरून नाही, तुझ्या पत्रावरून कळलं.

यात एक गोष्ट वाईट आहे. लिफ्टच्या डोक्यावर, म्हणजे छताच्या वरच्या बाजूला, एक लाल बटण असतं. काम करणारा वर चढला की आधी ते दाबतो. मग खालून कुणीही कितीही बोलावलं तरी लिफ्ट हलत नाही. ते तपासायला वर चढावं लागतं, अंग तेलकट होतं. गेल्या तपासणीत अकरा लिफ्टमध्ये मी ते बघितलं नाही. कागदावर ठीक आहे.

घाबरू नकोस, मी कामाला लागलोय. शुक्रवार आणि शनिवार बसून अकरा लिफ्टचं वेळापत्रक काढलं. लाल, हिरवी, निळी शाई वापरली, नक्कल सोबत आहे. जवळच्या आधी घेतल्यात म्हणजे भराभर उरकतील. कापडाच्या गोदामाची जुनी लिफ्ट शेवटी, गुरुवारी, कारण तिथला पहारेकरी चावीसाठी ताटकळत ठेवतो. हे सगळं मिस्त्रींना सांगायला हवं, पण आधी निस्तरतो आणि मग सांगतो.

लोभ असू दे, विश्वास मी परत कमावीन.
धांदल्या


२५ फेब्रुवारी

चि. धांदल्या,

आशीर्वाद मागाहून. वेळापत्रक फार देखणं आहे. भिंतीवर लाव. दोन दिवसांत त्या अकरातल्या चार झाल्या असत्या.

तू पुन्हा तेच केलंस आणि तुला दिसलंसुद्धा नाही. सोपं आधी, नकोसं शेवटी. मोटर पुसत बसायचास तसा रंग भरत बसलास. गोदामाची लिफ्ट शेवटी का? ती जुनी, तिच्यावर ओझी, तिथला माणूस खडूस. म्हणूनच ती पहिली. जे काम सगळ्यात नकोसं वाटतं ते सकाळी पहिलं करायचं. आम्ही धुलाईघरात रक्ताच्या चादरी आधी घ्यायचो, फुलाफुलांचे पडदे मग.

आणि मिस्त्रीला आजच सांग. निस्तरल्यावर सांगणं म्हणजे बढाई. त्या अकरा लिफ्टवर उद्या तोच चढणार असेल तर?

हे पत्र हातात पडताच ऊठ. वाचून घडी घालत बसू नकोस.

आजी


२७ फेब्रुवारी

ती. आजीस,

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. झालं ते मंगळवारीच झालं होतं.

गोदामाची लिफ्ट धक्के देते अशी तक्रार आली म्हणून मिस्त्री गेले. मी दुसऱ्या टोकाला वेळापत्रकातली दुसरी लिफ्ट करत होतो. मिस्त्री वर चढले. खालून हमालांनी लिफ्ट बोलावली आणि ती हलली. त्यांचा डावा पाय तुळई आणि लिफ्टच्या मध्ये सापडला. बाहेर काढायला पाऊण तास लागला. इस्पितळात गुडघ्याच्या वरून कापला.

शुद्धीवर आल्या आल्या ते म्हणाले की मी बटण दाबलं होतं. बटणाची पेटी त्या मारात चेचून गेली, त्यामुळे ते आधीच निकामी होतं की नाही हे आता कुणालाच सांगता येत नाही. उरतो माझा कागद. त्यावर ठीक आहे अशी खूण आणि माझी सही. साहेब म्हणतात, कागद साफ आहे, म्हणजे मिस्त्री बटण न दाबताच चढले, वय झालं, विसरले. बारा मार्चला चौकशी आहे. त्यात तसं ठरलं तर एकतीस वर्षांची नोकरी स्वतःच्या हलगर्जीपणाच्या ठपक्यानं संपेल.

मिस्त्रीणबाई इस्पितळाच्या जिन्यात भेटल्या. मला म्हणाल्या, तू तरी सांग, ते असं कधी करत नाहीत. मी मान डोलावली.

मी सांगणार आहे, आजी. पण आत्ता ते फार कळवळतायत. जखम जरा सुकू दे, घरी येऊ देत. योग्य वेळ बघून सांगतो.

धांदल्या


३ मार्च

चि. नातवास,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुझ्या आईला दिलं नाही.

योग्य वेळेचं मला विचार. धुलाईघरात सांसर्गिक वॉर्डाच्या चादरी उकळायच्या असत, मगच त्या दुसऱ्या वॉर्डांत जायच्या. पाणी किती तापलं ते दर घाण्याला काट्यावर बघून नोंदवहीत लिहायचं, ते काम माझं. काटा होता वाफेच्या कोपऱ्यात, तिथे उभं राहिलं की चेहरा भाजायचा. मी शनिवारी सगळा आठवडा एकदम लिहायची. पंच्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, मधेच एक त्र्याण्णव, खरं वाटावं म्हणून. तुझी वही मी एका नजरेत ओळखली ती काय शाईमुळेच?

एका पावसाळ्यात भट्टी मंद चालत होती, हे नंतर कळलं. त्याच महिन्यात बाळंतिणींच्या वॉर्डात टाके पिकले. दोघी गेल्या. माझ्या चादरींनी गेल्या की आणखी कशानं, कोण जाणे. डॉक्टरीणबाईंनी नोंदवही मागवली, आकडे पाहिले, धुलाईघर बिनचूक आहे म्हणाल्या. वॉर्डातल्या आयेला काढून टाकलं. ती हात धूत नाही म्हणे. मी ठरवलं, वातावरण जरा निवळलं की सांगू. मग तुझ्या बापाचं लग्न निघालं. मग मी निवृत्त झाले. मग ती आया मेली. ही माझी योग्य वेळ. अठ्ठावीस वर्षं मी ती बघत बसलेय.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुला सांगितलं म्हणून रडायला बसू नकोस आणि मला धीरही देऊ नकोस. दोन्हीत वेळ जातो.

चौकशीची वाट बघू नकोस. तिथे विचारल्यावर सांगशील तो जबाब. आज सांगशील ते सांगणं. साहेबाच्या दारात उभा राहा, लिहून दे, नक्कल मिस्त्रीणबाईच्या हातात दे. नोकरी जाईल. जाऊ दे.

आजी


१५ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र सहा तारखेला सकाळी मिळालं. साडेदहाला मी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला होता. अकराही लिफ्ट लिहिल्या, तारखांसकट. ते म्हणाले, चौकशीपर्यंत थांबला असतास तर काही मार्ग काढला असता. मी नक्कल मिस्त्रीणबाईंना दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली, चार घड्या घातल्या आणि आत निघून गेल्या.

बारा तारखेला मिस्त्रींवरचा ठपका काढला. माझा परवाना रद्द झाला, पुढे पोलिसांकडे जायचं आहे. अकरा लिफ्ट बंद ठेवून तपासल्या. आणखी दोन बटणं निकामी निघाली.

मिस्त्री घरी आलेत. आज सकाळी गेलो. तिसरा मजला, त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी माफीची वाक्यं जिन्यातच जुळवली होती. ती बोलू दिली नाहीत. त्यांनी एकच विचारलं, ते बटण तपासायला किती वेळ लागतो. शिकवलं त्यांनीच, तरी विचारलं. मी म्हटलं, चार मिनिटं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि मला बस म्हणाले.

मी बसलो. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी चादरीखाली हात घातला आणि जिथे पाय नाही तिथे खाजवायला गेले. हात गादीवर पडला. तिसऱ्या मिनिटाला मिस्त्रीणबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. आजी, चार मिनिटं इतकी मोठी असतात हे मला माहीत नव्हतं. ती संपली तेव्हा ते म्हणाले, झालं तपासून, जा आता.

दारात मिस्त्रीणबाईंनी स्वतःशीच बोलावं तसं सांगितलं की सोमवारी आणि गुरुवारी दहाला मलमपट्टीला न्यायचंय, खुर्चीत बसवून तीन जिने उतरवायला दोन माणसं लागतात, एक शेजारी आहे. मी म्हटलं, मी येतो. मिस्त्री भिंतीकडे बघत होते. त्यांना मी नको असेन तर? जावं की नाही, कळत नाही.

धांदल्या


१८ मार्च

चि. नातवास आशीर्वाद, वि. वि.

त्यांना तू नकोच आहेस. जिना उतरायला माणूस हवा आहे. तेवढं हो.

पावणेदहाला दारात उभा राहा. बोलू नकोस, माफी मागू नकोस, त्यांनी शिव्या दिल्या तर ऐकून घे आणि खुर्ची सरळ धर. मलमपट्टी होईपर्यंत बाहेर बाकावर बस, वर आणून सोड, घरी जा. पहिले आठ दिवस तुला वाटेल मोठं पुण्य करतोयस. मग कंटाळा येईल. मग एखादा सोमवार असा येईल की उठवणार नाही, आज शेजारी बघून घेईल असं मनात येईल. त्या सोमवारी काय करतोस ते मला कळव. त्याआधीची पत्रं आईला लिही, तिला तुझी काळजी वाटते.

लोभ किती ठेवायचा ते त्या सोमवारनंतर बघू.
आजी