पाणकोटातलं भूत माझं हाय

१ मार्च, शनिवार

आजपासून डायरी. मोठी माणसं मोठी झाल्यावर लिहितात, मी आधीच सुरू करतो. टाइम वाचेल.

बोईसरची नोकरी सुटली. म्हणजे मीच सोडली. सुपरवायझर 'कल से मत आना' बोलला, पण त्याच्या आधी मी मनात सोडलेली. कारण एकदम फालतू. कँटीनच्या फळ्यावर मी लिवलेलं, आज हाफ डे. छत्तीस माणसं घरी गेली. छत्तीस जणांपैकी एकानं विचारलं नाय, आणि डोकं कोणाचं खराब? माझं.

नवीन लाइन: टुरिझम. संकल्प: वर्षभरात पालघर जिल्ह्यातले सगळे किल्ले बघायचे आणि रोज ट्रॅव्हल न्यूज द्यायची. चॅनल काढलं, 'पालघर ट्रॅव्हल अलर्ट'. फॉलोअर एक्केचाळीस. त्यात मी दोनदा.

आजवर बघितलेले किल्ले: केळव्याचा पाणकोट (ओटीवरून दिसतो). शिरगाव (बाहेरून. भूक लागलेली).

३ मार्च, सोमवार

न्यूज दिली: मनोरला हायवे जाम, अर्धा तास लेट. मी तेव्हा खाटेवर होतो. पण मनोरला कधी ना कधी जाम होतोच. माझी न्यूज खोटी नसते, लवकर असते.

भरती-ओहोटीचे टाइम पण टाकतो. अंदाजानं. बाबा बोलले, तिथीवरून मोज, नायतर मला विचार. बोललो, बाबा, आता मोबाइलचा जमाना हाय. बाबा जाळं शिवता शिवता बोलले, मग मोबाइललाच धाड होडीवर.

५ मार्च

मुंबईची माणसं केळव्याला येतात, घोडागाडीत बसतात, भजी खातात, जातात. समोर पाण्यात अख्खा किल्ला उभा, ओहोटीला चालत जाता येतं, कोण बघत नाय. कारण स्टोरी नाय.

स्टोरी केली. पोर्तुगीज शिपाई. नाव पेद्रू, वय बावीस. भरतीत अडकला, बुडाला, अजून हाका मारतो. पाऊण तासात इतिहास तयार.

भावेश बोलला, पुरावा काय? (भावेश माझा दोस्त. बीचवर शहाळी विकतो, अक्कल फुकट देतो.) बोललो, इतिहासात पुरावा चालत असता तर मी दहावीला तीन वेळा बसलो असतो काय?

९ मार्च, रविवार, संध्याकाळी

हिस्टॉरिक दिवस.

बाबांच्या मोटरचा जुना पाइप घेऊन मी दुपारी दोनच्या आधीच पाणकोटात. भिंतीला बंदुकीची भोकं हायत, त्यातल्या एकात पाइप घातला. भावेश सात पाहुणे घेऊन आला. ते भिंतीजवळ आले तशी मी हाक मारली, आये… पाणी आला गो…

पाइपातून अशी निघाली की माझ्याच अंगावर काटा.

सगळे चिखलातून पळाले. एक हिना मॅडम होत्या, बोरिवलीच्या. त्या पळता पळता थांबल्या आणि बोलल्या, पोर्तुगीज आहे तर मराठीत कसा बोलतो? भावेश बोलला, मॅडम, चारशे वर्षं इथं हाय, एवढं पण शिकणार नाय? मॅडमना पटलं.

भावेशनं काढलेला व्हिडिओ टाकला. आतापर्यंत सहाशे फॉलोअर.

१० मार्च, सोमवार

दोन हजार तीनशे. दुसऱ्या एका मोठ्या ट्रॅव्हल चॅनलनं पण घेतला, 'केळव्याच्या पाणकोटात गूढ आवाज'. माझं नाव नाय. ठीक. मोठी माणसं पडद्यामागं असतात.

दुपारी सोमीकाकी आली. बाबांच्या चुलत भावाची बायको, आमच्या शेजारचं घर. काका कधीच गेले. मुलगा शांताराम, आमचा शांतू, तीन वर्षांपूर्वी होडीवरून पडला. सगळ्या होड्या चार दिवस शोधत होत्या. सापडला नाय. काकी तीन वर्षं त्याचे दिवस घालू देत नव्हती. बॉडी दाखवा बोलायची, मग घालते. गेल्या महिन्यात कशीबशी तयार झाली. पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा ठरला, कारण दीपाचं, तिच्या पोरीचं, लगीन त्यावर अडकलंय. नवऱ्याकडचे बोलतात, घरातला गेलेला माणूस आधी नीट जाऊ दे, मग अक्षय्य तृतीयेला बार उडवू.

काकी बोलली, अनुज, तो कोटातला आवाज दाखव रे.

मी दाखवला. प्रेक्षक म्हणजे प्रेक्षक.

तिनं अकरा वेळा ऐकला. मग मोबाइल पदराला पुसला, माझ्या हातात दिला आणि गेली. चहा पण नाय घेतला.

११ मार्च

काकी ओहोटीला कोटासमोर उभी होती. डब्यात भात आणि भाजलेला बोंबील. पाणी वाढेपर्यंत उभी.

संध्याकाळी दीपा आली. बोलली, आई पुतळ्याला नाय बोलते. बोलते, पोरगा आये म्हणून हाक मारतो आणि मी त्याला जाळू? मग दीपा माझ्याकडे बघून बोलली, तुझं यात काय नाय ना रे? बोललो, आईशप्पथ नाय. आई बाजूलाच मासे साफ करत होती. तिच्याकडे बघितलं नाय.

बघू. दोन दिवसांत विसरेल. माणसं विसरतात.

१२ मार्च

नाय विसरली.

माझी चूक नाय. मी पेद्रू बोललेलो. चॅनलवर स्वच्छ लिवलंय, पोर्तुगीज. कोणी आपल्या मनानं दुसरंच ऐकलं तर टुरिझमवाला काय करणार?

रात्री ९

खरं लिहायचं तर, इथं कोण वाचतंय, ती हाक माझी नाय. शांतूची हाय. होडी खाडीत घुसताना तो अशीच मारायचा, म्हणजे काकी टोपली घेऊन खाली येईल. मी लहान असताना तो मला त्याच आवाजात घाबरवायचा पण. पाइपाला तोंड लावलं आणि तोच आवाज आला, मी निवडला नाय.

तो गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. पेद्रूचं वय मी कुठून आणलं ते आज कळलं.

लाइट चालू ठेवून झोपतो. अभ्यासाला.

१४ मार्च, धुळवड

रंग खेळलो नाय. सर्दी. काकीचा डबा आज पण. भात कावळ्यांनी खाल्ला, ती बोलली, बघ, जेवला.

ठरवलं: व्हिडिओ डिलीट. केला. मोठं मन लागतं.

आता तो दुसऱ्या चौदा चॅनलवर हाय. एकानं यादी काढली, 'मुंबईजवळची पाच भुताटकीची ठिकाणं'. आपण तिसरे. मन भरून आलं. मोबाइल उलटा ठेवून दिला.

१६ मार्च, रविवार

भावेश धावत आला. बोलला, साल्या, काल सकाळी काय भारी हाक मारलीस, पाइपाशिवाय पण एवढी? बोललो, काल सकाळी मी पालघरला मावशीकडे होतो. तो हसला. बोललो, आईशप्पथ. तो हसायचा थांबला, कारण माझी आईशप्पथ खरी असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

वारा असणार. त्या भोकातून वारा जातो.

वारा.

भावेश बोलला, मग वारा गो कसा बोलतो? आजपासून तो कोटाकडे पाहुणे नेणार नाय. धंद्यात असे कच्चे लोक नकोत. मी पण नेणार नाय, पण माझं कारण वेगळं हाय. बिझी.

१९ मार्च, बुधवार

आज कबूल करायचं ठरवून गेलो. सकाळी जाणार होतो, संध्याकाळी गेलो. तयारी लागते.

काकी ओटीवर तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं. पेद्रू, पाइप, भोक, भावेश. काकी ऐकून घेऊन बोलली, दीपानं पाठवला ना तुला? बोललो, नाय, काकी, खरंच मीच. ती बोलली, तू खोटारडा हाय रे बाबा, लहानपणापासून. माझा कोंबडा मेला म्हणून सांगून तूच त्याला टोपलीखाली झाकलेलास.

मग मी तिथं ओटीवरच हाक मारून दाखवली. आये… पाणी आला गो…

काकी सूप बाजूला ठेवून नीट ऐकत होती. बोलली, नाय. असा नाय. तो गो लांबवतो. परत मार.

परत मारली.

बोलली, नाय जमत तुला. जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नको. आणि मला गूळ दिला.

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. हे असं होतं म्हणून मी बोलत नसतो.

२१ मार्च

दीपाला पण सांगितलं. तिनं ऐकलं, आणि कानाखाली दिली. मग विहिरीच्या कठड्यावर बसून रडली. बोलली, मी पण तीन वर्षं थांबले ना रे. भाऊ माझा पण होता. आणि आता आई रोज त्याच्याशी बोलून येते, मी विचारलं काय बोलला, तर मला सांगत पण नाय.

नवऱ्याकडच्यांचा निरोप आलाय. पाडव्याआधी काय ते कळवा.

दीपा बोलली, तू बांधलंस, तूच सोडव.

२२ मार्च

प्लॅन सापडला. झोपेत. म्हणजे झोप आली नाय तेव्हा.

ज्या हाकेनं काकी अडकली त्याच हाकेनं सुटेल. कोटातून शांतूच्या आवाजात बोलायचं, आये, माझा पुतळा कर, मला जाऊ दे. दोन वाक्यं. गो लांबवायचा. बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून प्रॅक्टिस करतो. आई बोलली, उलटी होते काय? बोललो, करिअर.

मंगळवारी करतो. तेव्हा पाहुणे कमी असतात. भीती वगैरे नाय, दिवसाढवळ्या हाय. आणि आत कोण असेल तर ते माझंच हाय, मीच बनवलेलं.

२५ मार्च, मंगळवार, संध्याकाळी ७



ओहोटी किती वाजता ते बघायला मोबाइल काढला. 'पालघर ट्रॅव्हल अलर्ट'वर लिवलेलं होतं, आज पूर्ण ओहोटी ४.४५. मस्त. जेवून झोप काढली. साडेचारला पाइप खांद्यावर टाकून बीचवर पोचलो, आणि बघतो तर कोटापर्यंतची वाट गायब. कमरेच्या वर पाणी, आणि आत येणारं. तेव्हा आठवलं, तो टाइम मीच टाकलेला. रविवारी. अंदाजानं.

जाळी वाळत घालणारा एक म्हातारा बोलला, अरे दर्यावरचा पोरगा ना तू? आज एकादशी, पाणी तीनलाच उलटला.

म्हणजे मी गेलो नाय. हे नीट लिहून ठेवतो. मी कोटात गेलो नाय. पाण्यात पाय पण टाकला नाय. भावेश साक्षीला हाय, तो मला हसत होता.

आणि तेवढ्यात काकी समोरून आली. गुडघ्यापर्यंत ओली, हातात रिकामा डबा. ती तीनपासून कोटासमोर पाण्याच्या कडेला होती. चेहरा असा की मी ओळखलंच नाय, एकदम हलका.

बोलली, आज बोलला रे.

बोललो, काय बोलला?

बोलली, बोलला, आये, माझा कर आता. मला थंडी वाजते.

थंडीचं माझ्या प्लॅनमध्ये नव्हतं.

काकीनं माझ्या खांद्यावरच्या पाइपाकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे. कोरडे. मग बोलली, आणि बोलला, अग्नी अनुजला देऊ दे. भाऊ तोच.

मी बोललो, काकी, तू खरंच ऐकलंस? ती बोलली, का रे, तुला काय वाटतं, तिथं कोण नव्हतं?

पाइप तिथंच टाकून आलो. बाबा विचारतील तर सांगेन चोरीला गेला.

२९ मार्च, शनिवार, अमावास्या

झालं.

पुतळा माझ्याएवढाच केलेला. पळसाची पानं, आणि वर शांतूचा निळा शर्ट. मला वाटलेलं पानं म्हणजे पटकन जळतील. नाय जळत. दीपा धूर डोळ्यात गेला म्हणून रडत होती आणि कोणी तिला गप्प करत नव्हतं. काकी रडली नाय. शर्टाची एक बाही बाहेर राहिलेली, ती तिनं काठीनं आत ढकलली. जसं कोणाला पांघरूण घालतात तसं.

डोक्याचा पूर्ण गोटा. भावेशनं बघून स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर घातली, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

भटजी बोलले, अग्नी देणाऱ्यानं सुतकात घर सोडायचं नाय, पण पुतळ्याचं हाय तर तीन दिवस पण चालतील. काकी बोलली, दहा.

म्हणजे मी दहा दिवस काकीच्या घरात, चटईवर. नवऱ्याकडच्यांना होकार गेला. लगीन ठरल्या दिवशी.

एकंदर प्लॅन सक्सेस. थोडा बदल करून.

३ एप्रिल

किल्ले: शून्य. न्यूज: नाय. चॅनलवर लोक विचारतात, भूत कुठं गेलं? कोण बोलतं, आता आवाज येत नाय, फसवलं. भावेश पण बोलला, दोनदा जाऊन आलो, शांत हाय सगळं.

चांगलं हाय. मला काय.

काकी आता ओहोटीला जात नाय. दुपारी झोपते. दीपा बोलली, तीन वर्षांत आईला दुपारी घोरताना पहिल्यांदा ऐकलं.

७ एप्रिल, सोमवार, दुपारी

आज दहावा. उद्या घरी.

जेवताना काकी बोलली, अनुज, अग्नी दिला त्या दिवसापासून मला तो ऐकू येत नाय बघ. तुला येतो काय रे?

बोललो, नाय.

ती बोलली, मग रोज दुपारी उठून दर्याकडची खिडकी का लावतोस? मरणाचं उकडतं.

बोललो, मच्छर येतात.

दुपारी दोन वाजता. भर उन्हात. मला पण माहीत हाय. काकीनं माझ्या ताटात अजून भात वाढला आणि ती आत जाऊन पडली.

आता झोपलीय. मी जाऊन खिडकी लावली. कडी पण घातली.